फाल्गुनातला बर्फ

पावसाचा आवाज बंद झाला म्हणून मी खिडकीशी गेले. सकाळपासून पत्र्यावर नुसता ताशा वाजत होता, आणि तो असा मध्येच थांबला की मला वाटलं, उघडलं. काच पुसून पाहिलं तर उघडलं नव्हतं. पाऊस पडतच होता, फक्त आता तो पांढरा झाला होता आणि खाली यायची त्याला घाई नव्हती. समोरच्या देवदारांवर, उभ्या राहिलेल्या बसच्या टपावर, दोरीवर कोणी विसरलेल्या टॉवेलवर तो आपला बसत चालला होता. हिमाचलातलं हे एवढंसं गाव. आम्ही नवराबायको सहलीला आलो होतो आणि आज परत निघायचं होतं, कारण होळी दोन दिवसांवर आली होती आणि शिगम्याला, म्हणजे आमच्या गोव्याच्या होळीच्या सणाला, गावी पोचायचं होतं. हॉटेलवाला म्हणाला, रस्ता बंद झाला, आज नाही, उद्याचंही सांगता येत नाही. मार्च महिना इथं असाच. ऊन, पाऊस, बर्फ, तिन्ही एका दिवसात. त्यापेक्षा डिसेंबर परवडला.

हे तो सहज बोलला आणि चहा सांगायला आत गेला. आमच्या ह्यांनी टीव्ही लावला. मी खिडकीतून हलले नाही. हे वाक्य मला जवळजवळ चाळीस वर्षं उशिरा ऐकू आलं होतं.

आमच्या गावाला, लाटंबार्शाला, फाल्गुन म्हणजे वास. डोंगरउतारावर काजू पिकलेला असतो, गळून पडलेली बोंडं उन्हात तापतात आणि दुपारी सगळ्या वाड्यावर, म्हणजे आमच्या वस्तीवर, एक गोड, जड, किंचित आंबूस वास बसून राहतो. सकाळी दवात बिया वेचायच्या, बोंडं कोळंबीत टाकायची. कोळंबी म्हणजे खडकात खोदलेलं बोंडं तुडवायचं टाकं. त्यातून रस गळायचा तो आम्ही पेलाभर पिऊन घ्यायचो, उरलेला भट्टीकडे जायचा. माझ्या हातांना आठवडाभर बियांच्या चिकाचे डाग असायचे आणि शाळेत बाई बोटं बघून ओळखायच्या, कोणाच्या घरी हंगाम चालू आहे ते. थंडी म्हणाल तर ती संक्रांतीनंतर कधी निघून गेली तेही कळायचं नाही. कुत्री सावलीला जीभ काढून पडलेली, विहिरीचा दोर रोज हातभर जास्त लागतोय, आणि संध्याकाळी मांडावर ढोल तापवायला काढलेले. मांड म्हणजे गावाच्या देवाची मोकळी जागा, शिगम्याचं सगळं तिथूनच सुटतं.

आमच्या शिगम्यात घोडेमोडणी असते. लाकडी तोंडाचा, वेताच्या सांगाड्याचा घोडा कमरेला बांधायचा, त्यावर रंगीत कापड सोडायचं, डोक्याला फेटा, पायात घुंगरू, हातात तलवार, आणि ढोलाच्या ठेक्यावर नाचत देवळापासून शिवेपर्यंत जायचं. आमच्या वाड्याचे घोडे चार, आणि प्रत्येक घोडा एका घराचा. आमच्या घराचा पांढरा. बाबा तो वीसएक वर्षं नाचले. मग त्यांचा गुडघा गेला आणि सतराव्या वर्षी दादाच्या कमरेला घोडा चढला. मुलींना घोडा नसतो. मला नव्हता याचं मला वाईट वाटायचं, पण घोड्याची झूल शिवायचं काम माझं होतं आणि तेवढ्यावर मी वाड्यात बऱ्यापैकी मिरवून घ्यायची.

मांडाची एक रीत होती. नाचणाऱ्यानं आदल्या दिवशी स्वतः येऊन नारळ घ्यायचा. बाप घेणार नाही, भाऊ घेणार नाही. त्या दिवशी घरचा गडी आला नाही तर नारळ पुढच्या घराला जातो, त्याबरोबर घोडाही जातो, आणि गेलेला घोडा परत येत नाही. अशी रीत का आणि कोणी घातली, ते कोणालाच ठाऊक नव्हतं. पण बाबा देवाच्या कामात घड्याळ बघणारा माणूस. आमच्या आठवणीत कुठल्याच घराचा घोडा गेला नव्हता.

दादाचं काय सांगू. तो बोलायला बसला की आईचं दूध उतू जायचं. मी लहान असताना त्यानं मला सांगितलं होतं की काजूची बी बोंडाच्या बाहेर असते, कारण तिचं आतल्या माणसांशी पटलं नाही. मी ते वर्गात सांगितलं आणि मार खाल्ला. पुढे तो खाणीवर ट्रक चालवायला लागला, तेव्हा शेजारच्या म्हातारीला म्हणाला की आमची लाल माती बोटीनं जपानला जाते. म्हातारीनं त्याला झाडू दाखवला. आता ते खरंच होतं, खनिज जपानलाच जायचं. पण दादा खरं सांगायचा तेही त्याच तोंडानं सांगायचा, आणि वाड्यावर त्याचं नाव थापाड्या असंच पडलं होतं. त्यालाही त्याचं काही वाटत नसे.

मग तो खाण सोडून दूर डोंगरातल्या रस्त्यांच्या कामावर डंपर चालवायला गेला. का गेला, बाबांचं आणि त्याचं काय झालं, ते उगाळून आता काही हाती लागणार नाही. गेला. पत्रं मात्र नेमानं यायची, आणि ती मी मोठ्यानं वाचायची. पत्रात काम कमी आणि आभाळ जास्त. सकाळी ऊन असतं, चहा उकळेपर्यंत पाऊस येतो, आणि कप रिकामा व्हायच्या आत पावसाचा बर्फ होतो. पाऊस वाजतो, बर्फ वाजत नाही, म्हणून बघावं लागत नाही, कानानंच कळतं. डिझेल गोठतं, मग टाकीखाली शेकोटी करावी लागते. आई विचारायची, टाकीखाली विस्तव? बाबा म्हणायचे, वाच पुढे, त्याचं नेहमीचंच.

आमच्या घरात बर्फ माहीत होता तो मासळीचा. मोरजीकडची मासळीवाली आठवड्यातून दोनदा यायची, तिच्या पाटीत बांगड्यांवर भुसा लागलेला बर्फ असायचा. एकदा पत्र आल्यावर आईनं तिच्याकडून मुठीएवढा खडा मागून घेतला, धुतला आणि ओसरीवर बसून हातात धरून राहिली. पाणी कोपरापर्यंत ओघळलं. मी विचारलं काय करतेस, तर म्हणाली, "हें माका हातांत धरूंक जायना, तो खंय र्‍हाता आसतलो?" तिच्या हाताला दिवसभर बांगड्याचा वास येत होता. दादा जिथं असेल तिथंही तोच वास असणार, अशी तिची पक्की समजूत होती.

मी सांगते आहे त्या वर्षी गोवा अजून राज्य झालं नव्हतं, व्हायच्या बेतात होतं. आम्ही घरात बोलतो ती भाषा कोणती, यावर बाहेर भांडणं पेटली होती. आमच्या भिंतींवर मराठीच्या घोषणा, पलीकडे कोंकणीच्या. हिवाळ्यात रस्त्यांवर झाडं आडवी पडली, बसगाड्या थांबल्या, तालुक्याला, डिचोलीला, जायचं म्हणजे दहा जणांना विचारून निघायचं. रस्ता बंद म्हटलं की आमच्या डोळ्यांसमोर आंब्याची आडवी फांदी आणि तिच्यामागे उभी राहिलेली माणसं यायची. रस्ता बंद करायला माणूस लागतो, असं आम्हाला वाटायचं.

माघात दादाचं पत्र आलं की रजा मंजूर झाली, शिगम्याला पोचतो, झूल तयार ठेव. मी नवी शिवली. आईनं लाल फेट्याला खळ देऊन तो वाळवला. बाबांनी घोड्याच्या तोंडाला स्वतः रंग दिला, डोळे काढताना श्वास धरून बसले. मग नारळाच्या दिवसाआधी आठवडाभर ते रोज संध्याकाळी डिचोलीच्या शेवटच्या बसला रस्त्यावर जायचे. गुडघ्यामुळे लवकर निघायचे. बस वळणावरून दिसली की उठून उभे राहायचे, आणि बस पुढे गेली की थोडा वेळ तसेच उभे असायचे.

नारळाच्या दिवशी सकाळी तार आली. दोन दिवस उशिरा. इंग्रजीत होती, मीच वाचली: बर्फानं रस्ता बंद, येता येत नाही. त्या क्षणी आमच्या अंगणात उकडलेलं भात वाळत होतं आणि त्यावर पाय ठेववत नव्हता. बाबा उघड्या अंगानं, खांद्यावर पंचा टाकून उभे होते आणि घाम पुसत होते. मांडावरचे दोघेतिघे आले होते, त्यातला एक हसला. म्हणाला, थापाड्यानं या खेपेला मोठीच मारली. बाबांनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ते माझ्याकडे वळले. मी त्या वर्षी दहावीला. घरातली शिकलेली ती मी.

"बाये, तुज्या पुस्तकांत कितें आसा? बर्फ केन्ना पडटा?"

मी भूगोलाचं पुस्तक आणायला आतही गेले नाही. मला ते पाठ होतं.

"हिवाळ्यात. डिसेंबर ते फेब्रुवारी."

"आनी आतां?"

"आता मार्च, बाबा."

एवढंच झालं. मी खोटं बोलले नाही. पुस्तकात तसंच होतं, परीक्षेत त्याला पूर्ण गुण मिळाले असते. पण बाबांचा चेहरा मी बघत होते. तोपर्यंत त्यांच्या मनात कुठंतरी पोराच्या बाजूनं काहीतरी उभं होतं, ते माझ्या उत्तरानं खाली बसलं. ते आत गेले, घोडा घेऊन आले आणि मांडावरच्या माणसांच्या हवाली केला. डोळे त्यांनी आदल्या रात्री पुन्हा रंगवले होते, तो रंग अजून ओला होता, तो एकाच्या सदऱ्याला लागला.

दुसऱ्या दिवशी घोडेमोडणी. ऊन कलल्यावर ढोल सुटले आणि त्याच वेळी आमच्या पूर्वेच्या डोंगरांवर, घाटाच्या अंगाला, काळं भरून आलं. असं आभाळ आम्हाला मे महिन्याखेरीज ठाऊक नाही. घोडे आमच्या दारी पोचले आणि पाऊस आला. टपोरा, तिरका, मध्येच गारेचा खडा. काजूचा उरलेला मोहर काळा पडणार म्हणून कोणी डोंगराकडे धावलं, कोणी भात गोळा करायला. रीतीप्रमाणे घरच्या बाईनं घोड्याच्या पायांवर पाणी घालून ओवाळायचं असतं. आई तांब्या घेऊन उभी राहिली. समोर आमचा पांढरा घोडा होता आणि त्याच्यात शेजारच्या घरातला मुलगा. तिनं त्याच्या पायांवर पाणी घातलं, वरून पाऊसही घालतच होता. निरांजन तीनदा विझलं. चौथ्यांदा तिनं पदर आडवा धरला आणि ओवाळून घेतलं. माझ्या नव्या झुलीचा हिरवा रंग त्या मुलाच्या धोतरावर उतरत होता.

मला आजही जे समजत नाही ते हे. आमच्या डोक्यावर फाल्गुनात पाऊस पडत होता. गारा अंगणात उड्या मारत होत्या, मी त्यातली एक उचलून तोंडात टाकली होती. गावातला प्रत्येक माणूस आभाळाकडे बघून म्हणत होता की हे काही दिवस नव्हेत पावसाचे. आणि तरी, इथं अवेळी पाऊस पडतो तर तिथं अवेळी बर्फही पडत असेल, एवढी साधी गोष्ट त्या अख्ख्या गर्दीत एकालाही सुचली नाही. मलाही नाही, पहिल्या नंबरानं येणाऱ्या मला.

शिगमो उलटल्यावर बाबांनी मला पोस्टकार्ड घेऊन बसवलं. सांगितलं, लिही: घोडा दिला. सवड झाली तर ये. बर्फाचं पुन्हा लिहू नको, इथं लोक हसतात. माझं अक्षर सुंदर होतं. मी एकही शब्द मागेपुढे केला नाही, खाली माझ्याकडूनही एक ओळ घातली नाही, आणि शाळेत जाताना कार्ड पेटीत टाकलं. दहा पैशांचं लाडू-लिमलेट घ्यायला जाते तशी गेले.

त्यानंतर दादाची पत्रं तुटक झाली. प्रकृती ठीक, काम चालू. आभाळाचा एक शब्द नाही. मला वाचायला मिनिटही लागायचं नाही, आणि वाचून झाल्यावर आई हात पुढे करून कागद मागून घ्यायची, त्याच्या मागे काही लिहिलंय का ते बघायची. पुढं राज्य झालं, फटाके वाजले, भिंतींवरच्या घोषणा चुन्याखाली गेल्या. शिगम्याला ढोल आमच्या दारी यायचे, आई पाणी घालायची. बाबा मात्र आतल्या खोलीत निजून राहायचे. गुडघा दुखतो म्हणायचे. ढोल शिवेपर्यंत गेले, ऐकू येईनासे झाले की उठून बसायचे आणि पेजेला पाणी जास्त झालं म्हणून कोणावर तरी चिडायचे.

चार वर्षांनी बाबा एका श्रावणात गेले. दादा आला तो दहाव्या दिवशी. रंग काळवंडलेला, ओठ फुटलेले, उजव्या पायाची दोन बोटं नव्हती. आईनं विचारलं तर म्हणाला, थंडीनं गेली. आई ती जागा हातानं चाचपत राहिली. मी दारात उभी होते, आणि मला तेव्हाच बोलता आलं असतं. पिंडदान व्हायचं होतं, माणसं होती, मग तेराव्याचं जेवण, मग माझं लग्न ठरलेलं, मग तो परत गेला. काही वर्षांनी तो कायमचा गावी आला, काजूचा डोंगर सांभाळायला लागला. आई त्याच्याच हातून पाणी पिऊन गेली. भाऊबीजेला मी जाते, तो मला बियांची पिशवी देतो, आम्ही पावसावर बोलतो, तब्येतीवर बोलतो. घोड्यावर कधीच नाही. मांडाकडे तो शिगम्याच्या दिवसांत फिरकत नाही. त्याचा लाल फेटा आईनं फाडून लोणच्याच्या बरण्यांना बांधला होता. आणि थापा? त्या बाबतीत आमचा दादा अगदी शहाणा माणूस झाला. एखादी साधी गोष्ट सांगतानाही आता तो खालच्या मानेनं सांगतो.

दुपारी मी खाली उतरले. ह्यांनी विचारलं, कुठं जातेस या हवेत, मी म्हटलं इथंच. वळणावर रस्ता साफ करायचं एक पिवळं यंत्र बंद पडून उभं होतं आणि चाळिशीतला एक ड्रायव्हर त्याच्या टाकीखाली चिंध्यांचा विस्तव करून बसला होता. मी बघत राहिले तर त्यानं मला शेकायला जागा दिली. त्यानं सांगितलं, हिवाळ्यात बर्फ पडतो आणि पडून राहतो, त्याचा त्रास नाही. फसवणूक या दिवसांची. ऊन पडतं, खालचं वितळतं, वर पाऊस, त्यावर पुन्हा बर्फ, की अख्खा कडा सुटून रस्त्यावर येतो. मग चार दिवस धरून चालायचं. घरी फोन करून सांगितलं तर घरचेही वैतागतात, म्हणाला, आणि हसला. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. त्याला वाटलं धुरानं, त्यानं बिचाऱ्यानं विस्तव दुसऱ्या बाजूला सरकवला.

मी तिथंच, त्या यंत्राच्या आडोशाला, दादाला फोन लावला. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं. माफी मागायची तर ती आता कशाकशाची? बाबांच्या वाटची कोण मागणार? घंटा वाजत होती आणि माझी बोटं फोनवर लाकडासारखी झाली होती. दादानं उचलला. मागे कोंबडा ओरडत होता आणि कोणीतरी बिया पसरत असल्याचा सळसळाट होता.

मी म्हटलं, "दादा, हांगा बर्फ पडटा. मार्च म्हयनो, आनी बर्फ पडटा. रस्तो बंद जालो. आमी शिगम्याक पावचीं नात."

पलीकडे बियांचा आवाज थांबला. त्यानं कोणाला तरी थांबवलं असावं. त्याच्या जागी मी असते तर मी मला ते पोस्टकार्ड वाचून दाखवलं असतं, शब्द न् शब्द. तो हसला असता तरी मला चाललं असतं.

"पांयांत कितें आसा तुज्या?" त्यानं विचारलं.

मी बूट म्हटलं. मोजे ओले असतील तर आधी ते काढ, म्हणाला. बोटं सारखी हलवत राहा. ड्रायव्हरला गाडी पुढे घे म्हणून आग्रह करू नका, तो नाही म्हणाला तर नाही. गरम पाणी पी. हे सगळं तो एका दमात बोलला, इतकं सलग त्याला बोलताना मी कित्येक वर्षांत ऐकलं नव्हतं. बर्फ माझ्या बाहीवर बसत होता आणि मी लहान पोरीसारखी स्फुंदत होते. मला एकच घाई झाली होती, की त्याला हे दाखवावं, आत्ताच्या आत्ता, कोणी मध्ये काही बोलायच्या आधी. मी म्हटलं, थांब दादा, मी फोटो काढून धाडते. बघ म्हणजे तुला कळेल, मी खरंच सांगते आहे.

"फोटो कित्याक, बाय?" दादा म्हणाला. "तूं सांगता मगे. पुरो."